पाठ होऊन राहिलं, समजून नाही राहिलं

प्रश्न थोडक्यात असा आहे. काटोलकडचा एक मुलगा नागपुरात खोली घेऊन राहतो, बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पहिल्या वर्षाचे मार्क चांगले आहेत. तो विचारतो: बीबीए सोडून बी.कॉम.ला जाऊ का? की हेच पूर्ण करून एमबीए करू? आणि एमबीए केलं तर फायनान्स घेऊ की मार्केटिंग? मध्ये एक वाक्य आहे, "सर, पाठ होऊन राहिलं, समजून नाही राहिलं." आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय, "घरी संत्र्याची बाग आहे, बाकी काही धंदा नाही."

तू माझ्या वर्गातल्या मुलांच्या वयाचा आहेस, म्हणून अरे-तुरेच करतो. मी अकरा वर्षं हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात खरेदी विभागात होतो, आणि गेली चौदा वर्षं नागपुरातल्या कॉलेजांत व्यवस्थापनाचे विषय शिकवतो. तुझे तिन्ही प्रश्न मला दरवर्षी ऐकू येतात. पण तुझा खरा प्रश्न ते मधलं वाक्य आहे, आणि त्याचं उत्तर तू शेवटच्या वाक्यात स्वतःच लिहून ठेवलंयस. "बाकी काही धंदा नाही" एवढं खोडून टाक. संत्र्याची बाग हा धंदाच आहे, आणि तुझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांकडे तेवढाही नाही.

आधी सोडण्याबद्दल बोलू. आत्ता सोडू नकोस. बी.कॉम.ला गेलास तरी हेच होईल, कारण अडचण अभ्यासक्रमात नाही, अभ्यास करायच्या पद्धतीत आहे. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे दोन वर्षं पूर्ण करून बाहेर पडलास तर पदविका, तीन केलीस तर पदवी, चौथं केलंस तर ऑनर्स, म्हणजे मध्येच उठून जाण्यात काही हशील नाही. दोन परिस्थितींत मात्र माझं मत बदलेल. सीए व्हायचं पक्कं ठरलं असेल तर बी.कॉम. सोयीचं पडतं, दोन्हीकडचा बराच अभ्यास एकमेकांच्या कामी येतो. आणि बीबीएच्या फीपायी घरची ओढाताण होत असेल, तर आईबाबांसोबत बसून आकडे मांडा आणि ठरवा. त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही.

आता मुख्य गोष्ट. तू फेयॉलची व्यवस्थापनाची १४ तत्त्वं पाठ केली असशील, क्रमानं. पण हेन्री फेयॉल कोण होता हे वर्गात कुणी सांगितलं का? तो फ्रान्समधला खाण अभियंता. १८६० मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, एका कोळसा कंपनीत लागला. पुढच्याच वर्षीची त्याची एक नोंद आहे. खाणीत सहाव्या पातळीवर काम करणाऱ्या घोड्याचा पाय मोडला. फेयॉलनं दुसरा घोडा द्या म्हणून चिठ्ठी लिहिली. तबेलेवाला म्हणाला, यावर संचालकांची सही नाही. संचालक गावाला गेलेले, आणि त्यांच्या मागं कोणी सही करायची हे कुणी ठरवलेलंच नव्हतं. फेयॉलनं विनवण्या केल्या, तबेलेवाला हटला नाही, कारण त्याला हुकूमच तसा होता. घोडा मिळाला नाही आणि त्या पातळीवरचं काम बंद पडलं.

"अधिकार आणि जबाबदारी" हे तत्त्व, म्हणजे जबाबदारी टाकली तर तेवढा अधिकारही द्यायचा, आता पुन्हा वाच. तो घोडा डोळ्यांसमोर आला की व्याख्या पाठ करावी लागत नाही. फेयॉल पुढं त्याच कंपनीचा प्रमुख झाला, बुडत चाललेली कंपनी त्यानं वर काढली, आणि ही तत्त्वं छापली ती १९१६ मध्ये, म्हणजे खाणीत आयुष्य गेल्यावर. त्याच्याकडं प्रश्न आधी होता, उत्तर नंतर आलं. आम्ही मास्तर लोक तुम्हाला उत्तर देऊन मोकळे होतो आणि प्रश्न कधी दाखवतच नाही. एकोणीस वर्षांच्या पोरानं कधी हुकूम दिलेला नाही, पगार वाटलेला नाही, उधारी वसूल केलेली नाही. त्याला ही उत्तरं कोरडी लागली तर चूक त्याची नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: एक खरा धंदा धर आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या पेपरापर्यंत तो सोडू नकोस. प्रत्येक विषयाचा प्रत्येक धडा त्या एकाच धंद्याला लावून पाहा. दहा कंपन्यांची दहा उदाहरणं नकोत. एकच धंदा, पण आतून.

तुझी बागच घेऊ. पुढचे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, तू तुमच्या घरचे घाल.

आंबिया बहार आहे, तीनशे झाडं फळावर आहेत. व्यापारी येतो, चार ओळी फिरतो, दोन-चार झाडांची फळं वर बघून कॅरेटचा हिशेब मनातच मांडतो आणि उक्ती बाग, म्हणजे फळं झाडावर असतानाच अंदाजानं सगळी एकदम, साडेचार लाखांना मागतो. इसार लगेच देतो, बाकी तोडणीच्या वेळी. दुसरा रस्ता म्हणजे बाबांनी स्वतः तोडणी करून माल नागपूरच्या कळमना बाजारात आणायचा. तोडणी, गाडीभाडं, हमाली सगळं वजा करून समजा चांगल्या वर्षी ७ लाख हातात पडतील, मध्यम वर्षी ५ लाख, आणि फळगळ झाली किंवा भाव पडला तर २ लाख. बाबांच्या अनुभवानं दहा वर्षांत तीन वर्षं चांगली, चार मध्यम, तीन वाईट. मग सरासरी अपेक्षा किती? ७ चे तीन दशांश म्हणजे २.१, ५ चे चार दशांश म्हणजे २, २ चे तीन दशांश म्हणजे ०.६. एकूण ४.७ लाख. व्यापाऱ्यापेक्षा २० हजार जास्त. संख्याशास्त्राच्या पेपरात तू इथं थांबशील आणि लिहिशील, "स्वतः विकावे". पूर्ण गुण मिळतील.

पण बाबा तरी बाग व्यापाऱ्यालाच देतात. ते अडाणी आहेत म्हणून? सोसायटीचं पीककर्ज भरायचंय, तुझी फी आणि खोलीभाडं आहे, सगळं मिळून समजा तीन लाख लागणार. वाईट वर्ष आलं तर एक लाख कमी पडतात आणि ते व्याजानं काढावे लागतात. तीस टक्के शक्यता असलेला तो दिवस टाळण्यासाठी बाबा वीस हजार सोडून देतात. तो विम्याचा हप्ता आहे. फायनान्सच्या पुस्तकात याला जोखमीची किंमत म्हणतात, आणि त्यावर अख्खं प्रकरण आहे. तुझ्या बाबांनी ते प्रकरण दरवर्षी सोडवलंय.

मग व्यापाऱ्याला ती जोखीम कशी परवडते? त्यानं काटोल, नरखेड, वरूड मिळून वीस बागा घेतलेल्या असतात. एका बागेत फळगळ झाली तरी दुसरी तारते. हेच पोर्टफोलिओ, हेच विविधीकरण. आता जरा पुढं जा. बांगलादेश हा आपल्या संत्र्याचा मोठा गिऱ्हाईक. त्यानं आयात शुल्क वाढवत नेलं तसा इथला भाव बसला, आणि तो एका बागेत बसला नाही, वीसच्या वीस बागांत एकदम बसला. म्हणजे बागा वाढवून फळगळीची जोखीम कमी होते, शुल्काची होत नाही. पहिलीला अव्यवस्थित जोखीम म्हणतात, दुसरीला व्यवस्थित जोखीम. एमबीएची मुलं या दोन नावांत गोंधळतात हे मी दरवर्षी बघतो. तुझा गोंधळ होऊ नये.

तीच बाग घेऊन मार्केटिंगच्या तासाला बस. "मध्यस्थ काढून टाका" असं भाषणात सगळे म्हणतात. पण व्यापारी करतो काय, ते एका कागदावर लिही: मजूर आणतो, तोडणी करतो, आकारानं माल निवडतो, कॅरेट भरतो, गाडी ठरवतो, लांबच्या बाजारातला गिऱ्हाईक शोधतो, आणि पैसे आधी देतो. माणूस काढलास तरी ही सात कामं उरतातच. ती कोण करणार आणि किती खर्चात, हाच वितरणाच्या धड्याचा गाभा आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव याच भागातल्या फळापुरतं राखलं गेलं. त्याचा एक रुपया तरी तुमच्या बागेपर्यंत पोचला का, नसेल तर कुठं अडला? यावर तुझा प्रकल्प होऊ शकतो. व्यापारी कायद्यातही हेच आहे. झाडाला लटकलेलं फळ हा माल की जमिनीचा भाग? १९३० चा मालविक्री कायदा सांगतो की विक्रीच्या करारानं तोडायचं ठरलेलं उभं पीक हा मालच. भाव पडल्यावर इसार सोडून व्यापारी फिरकलाच नाही तर काय, हे वाचायला १८७२ चा करार कायदा उघड. बघ, तो धडा आता झोप आणणार नाही.

मी हे इतक्या खात्रीनं सांगतो, कारण मी स्वतः उशिरा शिकलो. कारखान्यात नवीन होतो तेव्हा एका पुरवठादारानं बेअरिंगवर दोन टक्के सूट देऊ केली. अट एकच, सहा महिन्यांचा माल एकदम आणि रोखीनं घ्यायचा. आमची खरेदी महिन्याला तीन लाखांची, म्हणजे सहा महिन्यांची अठरा लाखांची. छत्तीस हजार वाचवले म्हणून मी खूश होऊन वरिष्ठांकडं गेलो. त्यांनी पेन्सिल घेतली. दर महिन्याला घेतलं असतं तर सरासरी दीड लाखाचा माल पडून राहिला असता, आता नऊ लाखांचा राहणार. जास्तीचे साडेसात लाख बँकेच्या कॅश क्रेडिटमधले, म्हणजे धंद्यासाठी उचललेल्या कर्जातले, व्याज बारा टक्के, मुदत सहा महिने. पंचेचाळीस हजार. म्हणजे नऊ हजारांचा तोटा, आणि गंज लागलेला माल वेगळा. ते ओरडले नाहीत. कागद माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले, हे तुला कॉलेजात शिकवलं होतं. खरंच शिकवलं होतं, साठा व्यवस्थापन, पंधरा मार्कांचा प्रश्न, आणि मला त्यात तेरा मिळाले होते. तो कागद अजून माझ्याकडं आहे आणि दरवर्षी पहिल्या तासाला मी तो फळ्यावर उतरवतो.

घरी धंदा नसेल तर? हे वाचणाऱ्या बाकी मुलांसाठी लिहितो. नागपुरात धंदा शोधायला फिरावं लागत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील शिक्षक. तिनं गांधीबागेतल्या एका ठोक कापड दुकानात ओळखीनं परवानगी काढली आणि तीन शनिवार गादीच्या कडेला बसून राहिली. तिच्या वहीत प्रश्न होता, "येणी किती दिवसांची?" कारण उधारीवर दिलेल्या मालाचे पैसे, म्हणजे येणी, किती काळात वसूल होतात ते पुस्तकात दिवसांत काढतात. शेठजींनी खातेवही तिच्यासमोर ठेवली. खेड्यातल्या दुकानदारांच्या नावांपुढं तारखाच नव्हत्या. ते म्हणाले, "कापूस विकला का पैसा येते." म्हणजे उधारीची मुदत कॅलेंडरला बांधलेली नव्हती, पिकाला बांधलेली होती. कापूस उशिरा निघाला तर गांधीबागेतल्या शेठचं सुरतेच्या कापडवाल्यांचं देणं थकतं. तिनं वर्षभराच्या वसुलीचा आलेख काढला तेव्हा तो दिवाळीनंतर चढत गेला, आणि वर्गातल्या सगळ्यांना खेळतं भांडवल, म्हणजे रोजचा धंदा चालता ठेवायला लागणारा पैसा, म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. मलाही त्या आलेखातून नवीन काही मिळालं.

आणि इतिहास हवा असेल तर तोही दाराशी आहे. जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल मुंबईत न काढता नागपुरात काढली, १ जानेवारी १८७७ ला ती सुरू झाली. कापूस इथला, रेल्वे येऊन पोचलेली, कोळसा वरोऱ्याचा. उद्योगाचं स्थान कसं निवडावं हा धडा यापेक्षा स्वच्छ कुठं मिळेल? व्यवस्थापक म्हणून त्यांनी बेझनजी मेहतांना आणलं. ते रेल्वेतले, कापडाचं त्यांना काही माहीत नव्हतं. यंत्रं कळणारा माणूस आणि माणसं सांभाळणारा माणूस यांत फरक असतो, हे तेव्हाच ओळखलं गेलं होतं. १८८६ मध्ये त्या गिरणीत पेन्शन फंड सुरू झाला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. त्या जागेवर आता मॉल उभा आहे. तू तिथं कधीतरी गेला असशीलच.

भाषेचं बोलायलाच हवं, कारण तुझ्या वाक्यात ते दडलंय. तू मराठी माध्यमातून आला असावास असा माझा अंदाज आहे. व्याख्या इंग्रजीत पाठ होते आणि विचार मराठीत चालतो, दोघांची गाठच पडत नाही. माझ्या वर्गातल्या ग्रामीण मुलांची अर्धी अडचण हीच असते, आणि त्यांना वाटतं आपलं डोकंच कमी आहे. तसं नाही रे. आधी तुझ्या बोलीत समजून घे. सीमांत खर्च म्हणजे काय हे आईला फोनवर सांगून बघ: "आणखी एक कॅरेट भरायचं तर वरचा खर्च किती?" आईला कळलं तर तुला कळलं. मग तेच इंग्रजीत चार ओळींत लिही. हा क्रम उलटा करू नकोस. इंग्रजी लागणारच आहे, मुलाखतीतही आणि नोकरीतही. पण समज आली की भाषा सहा महिन्यांत मागोमाग येते. समज नसताना भाषा आली तर मुलं पहिल्या उलटप्रश्नाला गप्प होतात. मुलाखतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना मी बसलोय, म्हणून सांगतो.

पद्धत साधी ठेव. दोनशे पानी एकच वही कर, वर लिही "बाग". कोणत्याही विषयाचा धडा संपला की त्या रात्री एक पान, फक्त बागेबद्दल. लेखाशास्त्राला मात्र जास्त वेळ दे. घरचा ताळेबंद मांड: झाडं, विहीर, पंप, ठिबक एका बाजूला, सोसायटीचं कर्ज, औषधवाल्याची उधारी दुसऱ्या बाजूला. मग बारा महिन्यांचा रोख प्रवाह. पैसा वर्षातून एकदा किंवा दोनदा येतो, खर्च बारा महिने चालतो, हे कागदावर दिसलं की तुला बाबांची चिडचिड कोणत्या महिन्यात का वाढते तेही दिसेल. आईबाबांच्या स्वतःच्या मजुरीचा खर्च धरायला विसरू नकोस. तो बहुतेक घरांत कुणी धरत नाही, आणि धरला की नफ्याचं चित्र पार बदलतं.

परीक्षेचं खरं सांगतो. विद्यापीठाच्या पेपरात व्याख्या, मुद्दे, थोडं स्पष्टीकरण, एवढं लागतंच. फक्त बागेची गोष्ट लिहून आलास तर मार्क जातील. म्हणून शेवटचे तीन आठवडे जुने पेपर सोडवायला वेगळे ठेव. तोवर समजलेलं असेल तर पाठांतराला पहिल्यापेक्षा निम्मासुद्धा वेळ लागणार नाही.

फायनान्स की मार्केटिंग, हे आज ठरवू नकोस. माझ्याकडून फायनान्स घेऊन गेलेली बरीच मुलं पहिली नोकरी विक्रीचीच करतात, बँकेची खाती, कर्जं, विमा. आणि मार्केटिंगवाल्याला महिनाअखेर वसुलीचा हिशेब द्यावाच लागतो. वही अर्धी भरली की बघ, कोणती पानं न सांगता लांबली आहेत. आकड्यांची लांबली असतील तर फायनान्स, व्यापारी आणि गिऱ्हाइकांची लांबली असतील तर मार्केटिंग. मजूर, गाड्या, कॅरेट यांचीच लांबली असतील तर ऑपरेशन्स नावाचा तिसरा रस्ताही आहे, तिकडं गर्दी कमी असते.

एमबीएबद्दल माझं मत पक्कं आहे: शक्य असेल तर आधी दोन वर्षं नोकरी कर. फेयॉलच्या घोड्यासारखा एखादा प्रसंग स्वतःवर आला की एमबीएचे वर्ग वेगळेच ऐकू येतात. पण हे घरावर अवलंबून आहे. धाकट्यांची शिक्षणं, बहिणीचं लग्न, शेतीचं कर्ज असं काही असेल तर सलग करणंही चूक नाही. एमबीए प्रवेशासाठीच्या राज्याच्या सीईटीला २०० प्रश्न आणि १५० मिनिटं असतात, चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणजे वेग आणि सराव हाच तिचा खेळ. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपासून रोज तासभर दिलास तर पुरतं. आयआयएम २०१५ पासून आपल्याच शहरात आहे, पण तिथं कॅट या देशभराच्या प्रवेश परीक्षेतूनच जावं लागतं, आणि कॅटला वर्षभराची वेगळी तयारी हवी. कोणत्याही कॉलेजची माहितीपुस्तिका बघताना सर्वांत मोठ्या पॅकेजवर नजर ठेवू नकोस. पगारांच्या यादीत मधोमध असलेल्या मुलाला किती मिळालं ते विचार, आणि त्यातून कर्जाचा हप्ता वजा करून बघ. आकडा देत नसतील तर मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या तीन मुलांना गाठून विचार.

आता काम सांगतो. पुढच्या वेळी घरी जाशील तेव्हा बाबांसोबत बांधावर बस आणि तीन गोष्टी विचार. गेल्या तीन हंगामांत बाग कितीला दिली? तो भाव मागताना व्यापाऱ्यानं काय कारणं सांगितली? आणि त्याच वर्षी शेजारच्या कुणी स्वतः माल नेला असेल तर त्याच्या हातात किती पडले? वहीचं पहिलं पान त्या नऊ उत्तरांचं कर. एखादं उत्तर बाबांना आठवलं नाही तर ती जागा कोरी ठेव, मनानं भरू नकोस. पान झालं की इथंच टाक, मी बघतो आणि त्यावर पुढचं लिहितो.